लेखनाचा पेपर आहे ना, मग पोरांना लिहू द्या ना!

जुलै लागला. बी.ए. प्रथम वर्षाचे वर्ग सुरू होतील आणि आपल्याकडच्या कितीतरी कॉलेजांत लेखनाच्या पेपरचा श्रीगणेशा एकाच पद्धतीनं होईल. 'हं, लिहून घ्या. लेखन म्हणजे काय? व्याख्या पहिली...' पोरं मान खाली घालून उतरवून घेतील. मग स्वरूप, मग प्रकार, मग महत्त्व. दिवाळीपर्यंत वही भरते आणि त्या वहीत पोराचं स्वतःचं म्हणावं असं एक वाक्य सापडत नाही. डवरणीची, म्हणजे उभ्या पिकातल्या कोळपणीची, व्याख्या पाठ करून आजवर कोणाला डवरा धरता आला आहे का?

मी मोर्शी तालुक्यातल्या एका कॉलेजात मराठी शिकवते, तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास घेतले तेवढाच पैसा. वह्या तपासण्यात गेलेली संध्याकाळ कुठल्याच रजिस्टरवर चढत नाही. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून कोणी म्हणेल की मॅडमला पगार भरपूर, म्हणून हे सुचतं.

नवीन शैक्षणिक धोरण 2024-25 पासून संलग्न कॉलेजांतही आलं आणि भाषेचे असे छोटे पेपर आले. 2 क्रेडिट, म्हणजे कागदावर 30 तास. प्रत्यक्षात काय होतं ते आपण सगळे जाणतो. ऑगस्ट निम्मा सरेपर्यंत प्रवेशच चालू असतात. पाऊस उघडला की निंदणाला माणूस मिळत नाही, मग अर्धा वर्ग शेतात. पुढे पोळा, गणपती, महालक्ष्म्या. ज्या तासाला सगळा वर्ग भरलेला सापडतो असे तास मोजकेच हाती येतात. ते व्याख्यांवर घालवायचे की पोरांच्या हातून लिहून घेण्यावर, एवढाच माझा प्रश्न आहे.

पहिल्या तासाला 'काहीतरी लिहा' म्हटलं की ठरलेला सवाल येतो: "मॅडम, कितीक पानं लिहा लागते?" यावर स्टाफरूममध्ये हशा पिकतो, आजकालची पोरं अशी आणि तशी. मला तो आळस वाटत नाही. बारा वर्षं ज्याला पानांवर मार्क मिळाले, तो पानंच विचारणार. बारावीच्या पुस्तकात उपयोजित मराठी चांगली दिली आहे, मुलाखत आहे, अहवाल आहे, माहितीपत्रक आहे. पण मुलाखत घ्यायला कोणी कोणाकडे गेलेलं नसतं. गाईडमधली मुलाखत पाठ होते, परीक्षेत ओकली जाते.

गेल्या काही वर्षांत पाहिलेला एक मुलगा सांगते. घरी संत्र्याचा बगीचा. निबंधाची पहिली ओळ, 'भारत हा कृषिप्रधान देश आहे.' दुसरी, 'शेतकरी हा जगाचा पोशिंदा आहे.' वही मिटली आणि सहज विचारलं, यंदा आंबिया बहार कसा आहे रे? तर पोरगा सुटलाच. फळ लिंबाएवढं झालं आणि गळायला लागलं, सकाळी झाडाखाली हिरवा सडा, देठाजवळ काळपट डाग. व्यापाऱ्यानं झाडावरच्या मालाचा सौदा करून इसार दिला होता, तो आता फिरून आला आणि म्हणतो भाव तोडा नाहीतर इसार परत द्या. बाप दोन दिवस जेवला नाही, आणि मायनं व्यापाऱ्याला चहासुद्धा विचारला नाही. मी म्हटलं, हे लिही. तो माझ्याकडे बघतच राहिला. "हे लिहा लागते का, मॅडम? हे तं घरचं आहे."

ही समजूत एवढी पक्की आहे की ती मोडायला अर्धं सत्र जातं. वहीत लिहायचं ते मोठ्या माणसांचं, पुस्तकातलं, 'सुजलाम सुफलाम' छापाचं. आणि आपल्याला जे खरंच कळतं ते बोलायचं, तेही बसस्टँडवर. म्हणून पहिला विषय मी 'माझे ध्येय' किंवा 'मोबाइल: शाप की वरदान' कधी देत नाही. जे तुम्हाला माहीत आहे आणि मला माहीत नाही, ते मला समजावून सांगा, एवढंच फळ्यावर लिहिते. मॅडमला कळलं नाही तर पान परत.

आता कोणी म्हणेल, असं काहीही लिहायला सांगितलं की झालं का लेखन? नाही झालं. खरं काम पान हातात आल्यावर सुरू होतं. एका मुलीनं कापूस वेचणीवर लिहिलं होतं. वरच्या दहा ओळींत पांढरं सोनं, काळी माती, बळीराजा. अगदी शेवटी, जागा उरली म्हणून टाकल्यासारखं एक वाक्य: 'सकाळी दहिवर असते तवा कापूस जड भरते म्हणून मालक म्हणते ऊन पडल्यावर या.' दहिवर म्हणजे दव, आणि वेचणीची मजुरी किलोवर असते हे ज्याला ठाऊक आहे त्याला या वाक्यात काय आहे ते कळेल. काट्याचं सगळं राजकारण त्यात आहे. मी वरच्या दहा ओळींवर आडवी रेघ मारली आणि म्हटलं, इथून सुरू कर. उन्हात वेचलं तर तुझे किती किलो भरतात? काटा कोण धरतं? वजन वहीत कोण मांडतं? तुझी आई भांडते की गप्प बसते? तिचं दुसऱ्यांदा लिहिलेलं पान वर्गात वाचलं तेव्हा मागच्या बाकावरची पोरं फोन खाली ठेवून ऐकत होती, आणि दोघींनी तर तिथेच आपापल्या गावचे दर सांगायला सुरुवात केली.

शिक्षकानं करायचं ते एवढंच. जिवंत वाक्य हुडकायचं, बाकीच्यावर रेघ मारायची, चार प्रश्न विचारायचे, पान परत द्यायचं. पण त्यासाठी पान वाचावं लागतं. ऱ्हस्व-दीर्घाचे चाळीस लाल गोल काढले म्हणजे पान वाचलं असं होत नाही. शुद्धलेखनाच्या विरोधात मी नाही. साहित्य महामंडळाचे 1962 चे 14 नियम आणि 1972 ची 4 ची भर, सगळे मिळून 18. हा काही डोंगर नाही. पोराच्याच पानावरून आठवड्याला एक घ्या. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ, पाणी, गहू, शेतकरी. एवढं एक बसलं तरी निम्मी वही सुधारते. मात्र हे दुसऱ्या-तिसऱ्या खर्ड्यावर. पहिल्याच पानावर लाल शाई सांडली की पोरगं पुढच्या वेळी तेवढेच शब्द लिहितं जेवढे त्याला बिनचूक येतात, आणि ते नेमके कृषिप्रधान देशाचे असतात.

वऱ्हाडीचंही तेच. पहिला खर्डा घरच्या बोलीत चालतो, 'मले', 'तुले', 'कायले' सगळं चालतं. शेवटचा खर्डा प्रमाण मराठीत, यात मी सवलत देत नाही. बोलीचं कौतुक करून पोरांना तिथेच सोडून देणारे आमच्यात काही आहेत. त्यांची स्वतःची मुलं अमरावतीला कॉन्व्हेंटमध्ये असतात. तहसीलातला बाबू वऱ्हाडीत अर्ज घेत नाही, तोंडानं मात्र तो दिवसभर वऱ्हाडीच बोलतो.

अर्जावरून आठवलं. माझा सगळ्यात लाडका स्वाध्याय माहितीच्या अधिकाराचा आहे. महाराष्ट्रात 2012 च्या नियमांनी या अर्जाला 150 शब्दांची मर्यादा घातली आणि विषय एकच ठेवायला सांगितलं. कायद्याच्या अंगानं त्यावर पुष्कळ टीका झाली, ती रास्तही आहे. लेखन शिकवणाऱ्याला मात्र ती मर्यादा फार उपयोगी पडते. गावचा पांदण रस्ता घ्या, शेतात जायचा. पहिल्या खर्ड्यात 'महोदय, सविनय निवेदन करण्यात येते की' इथून जी गाडी निघते ती तीन पानं थांबत नाही. त्यात सरपंचाचा बाप येतो, मागच्या निवडणुकीतलं आश्वासन येतं, चिखलात रुतलेली बैलबंडी येते. मग दीडशे शब्दांत बसवा म्हटलं की कापाकापी सुरू. तेवढ्यात कळतं की 'रस्ता का केला नाही?' या प्रश्नाला उत्तर मिळत नाही, कारण मागायचा असतो तो कागद. मोजणी कोणत्या तारखेला झाली, नकाशाची प्रत, मंजूर रक्कम, कामाचा आदेश. 'का' काढून 'कोणत्या तारखेला' घालणं, हा एका तासाचा धडा आहे आणि तो कुठल्याही व्याख्येत सापडणार नाही. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवून तो अर्ज खरोखर पाठवला तर तीस दिवस वर्ग उत्तराची वाट बघतो. तेवढं पाठ्यपुस्तक कोणी उघडत नाही.

आणि आपण राहतो कुठे, हेही जरा बघा. रिद्धपूर आपल्याच तालुक्यात. आता तिथे मराठी भाषा विद्यापीठ झालं, फ्लेक्स लागले, भाषणं झाली. पण तेराव्या शतकात तिथे म्हाइंभटांनी केलं काय? महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणी ज्यांच्याकडे होत्या त्या माणसांना गाठलं, विचारलं, नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतलं आणि लोकांच्या बोलण्यातल्या मराठीत लिहून ठेवलं, तेच लीळाचरित्र. लीळाचरित्राच्या परंपरेत एकाच प्रसंगाच्या वेगवेगळ्या आठवणीही जपलेल्या सापडतात. म्हणजे मराठी गद्याचा हा आद्य ग्रंथ विचारपूस करून उभा राहिला. आणि त्याच मातीत आम्ही पोरांना व्याख्या डिक्टेट करतो!

म्हणून मोठा स्वाध्याय मी तसाच ठेवते. 30 जुलै 1991 ला वर्धा नदीच्या पुरानं नरखेड तालुक्यातलं मोवाड गाव वाहून गेलं, दोनशेवर माणसं गेली. वरूडकडच्या घरोघरी त्याची आठवण आहे. घरातल्या किंवा शेजारच्या दोन माणसांना वेगवेगळं बसवून विचारायचं आणि दोघांचं लिहायचं. एका पानात आजी म्हणते ढोरं रात्रीच सोडून दिली होती, काका म्हणतो दोर विळ्यानं कापावे लागले. पोरगी विचारते, मॅडम, खरं कोणाचं लिहू? दोन्ही लिही. कोण बोललं ते लिही, त्या वेळी त्यांचं वय काय होतं ते लिही, नंतर वाटलं तर तुझं मत लिही. असा प्रश्न फोनमधल्या एआयला विचारून उत्तर येत नाही, हा वरचा फायदा. बाकी नकलेचं काय सांगावं; एका वहीत निबंधाच्या वर, सुंदर अक्षरात, 'नक्कीच! खाली 300 शब्दांचा निबंध देत आहे' हेसुद्धा उतरवलेलं होतं. शेवटी 'आणखी काही मदत हवी आहे का?' तेही होतं. मी खाली 'हो' लिहून वही परत केली.

माझ्या म्हणण्यावर सहकाऱ्यांचा पहिला आक्षेप असतो, पोर्शनचं काय? दुसरा, ऐंशी वह्या कोण तपासणार? दुसरा खरा आहे. मी दर आठवड्याला सगळ्या तपासत नाही, पाळी लावते. उरलेली पानं पोरं एकमेकांना मोठ्यानं वाचून दाखवतात, आणि जिथे ऐकणारा अडखळतो तिथे लिहिणारा खूण करतो. निम्म्या चुका त्यातच निघतात. पण हे गोड मानून घेऊ नये. लेखनाचा वर्ग ऐंशीचा असू नये, आणि वही तपासण्याचा वेळ कामात धरला पाहिजे, हे कुठल्यातरी बैठकीत कोणीतरी बोललं पाहिजे. तासिका तत्त्वावरची माणसं त्या बैठकीला नसतात. जी असतात त्यांना हे वाचून राग आला तर येऊ द्या.

पोर्शनच्या आक्षेपाला मात्र माझ्याकडे सहानुभूती नाही. लेखनाच्या पेपरला चार पर्यायांतून एक निवडा असे प्रश्न काढायचे, पोरानं गोल काळा करायचा आणि लेखनकौशल्य आलं म्हणून शिक्का मारायचा, हे जिथे जिथे चालतं तिथे पोर्शन वेळेवर पूर्ण होतो. तिसऱ्या वर्षाला त्याच पोराला रजेचा अर्ज लिहिता येत नाही तेव्हा हीच मंडळी म्हणतात, पाया कच्चा आहे.

यंदा मोवाडचा स्वाध्याय पोळ्याच्या आधी करायचा विचार आहे. वरूड, मोर्शी, नरखेडकडे ज्यांच्या घरी तो पूर पाहिलेली आणि बोलायला तयार असलेली म्हातारी माणसं असतील, त्यांनी मला मेसेज करावा. दोघी-दोघी मुली मिळून येतील, रविवारी, दुपारच्या एसटीनं. सोबत वही असेल, रेकॉर्डिंग विचारूनच करतील, आणि लिहून झालं की पान तुम्हाला वाचून दाखवायला परत येतील.