रिपोर्टातली ठळक अक्षरं

रक्ताचा रिपोर्ट आमच्या घरात खासगी राहत नाही. तो पीडीएफ होऊन येतो, आणि पीडीएफ म्हटलं की फॉरवर्ड आलंच. मी चष्मा शोधेपर्यंत माझा रिपोर्ट साताऱ्याला ताईकडे, नाशिकला आत्याकडे आणि दोन मजले खाली जोशीकाकांकडे पोचला होता. लॅबला मोबाइल नंबर बायकोचा दिला होता, त्याची ही फळं.

पॅकेजही तिनेच काढलेलं. साखर, कोलेस्टेरॉल, लिव्हर, किडनी आणि वर थायरॉईड फुकट. थायरॉईडला मला काहीही झालेलं नव्हतं, पण फुकट असल्यावर नाही कसं म्हणायचं? रात्रीच्या जेवणानंतर काही खायचं नाही, सकाळचा चहासुद्धा नाही. रक्त घ्यायला येणारा मुलगा साडेसहाला येणार होता. डोंबिवलीत पाऊस असल्यामुळे तो आठला आला. तोवर मी बिनचहाचा पेपर वाचला. तसा पेपर वाचून बघा, सरकारबद्दलची मतं फार स्पष्ट होतात.

मुलाने दंडाला पट्टा आवळला, "काका, मूठ घट्ट" म्हणाला आणि शीर शोधायला लागला. माझी शीर अशा वेळी हमखास गायब होते. शेवटी उजव्या हातात सापडली, आणि रंगीत बुचांच्या नळ्या भरायला लागल्या. जांभळ्या बुचाची नळी पेशी मोजायची. तिच्यात रक्त गोठू नये म्हणून आधीच औषध घातलेलं असतं. करड्या बुचाची शुगरची. हिच्यात वेगळं काय, असं विचारलं तर म्हणाला, "फ्लोराइड. नळीत गेल्यावर पण पेशी साखर खात राहतात ना काका, त्या थांबतात." म्हणजे त्या सकाळी नळीतल्या पेशींचा नाश्ता चालू होता. घरात उपाशी मी एकटा.

जेवणानंतरच्या शुगरसाठी जेवायला बसल्यापासून दोन तासांनी पुन्हा रक्त द्यायचं होतं. बायकोने ताटात ज्वारीची भाकरी, मेथी आणि काकडी वाढली. "आज जरा चांगला नंबर येऊ दे," म्हणाली. पण पॅकेजमध्ये तीन महिन्यांची शुगरही होती, आणि तिच्यापुढे भाकरीचं नाटक चालत नाही. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. त्या काळात रक्तात जेवढी साखर असेल त्या मानाने ती हिमोग्लोबिनला चिकटत जाते. तपासणी जुलैत होती. म्हणजे मे महिन्यातला आमरस, दुसरी वाटी, "थोडा उरलाय, संपवून टाका" म्हणून घेतलेली तिसरी वाटी, सगळं नोंदलेलं.

रिपोर्ट आला तेव्हा तो सगळ्यात आधी अप्पांनी घेतला. अप्पा तलाठी होते. सातबारा हातात आला की थेट 'इतर अधिकारा'चा रकाना गाठायचा, ही त्यांची जुनी सवय. त्यांनी रिपोर्टाचाही उजवा रकाना गाठला आणि बोट ठेवलं. इओसिनोफिल, म्हणजे पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, ७ टक्के, ठळक अक्षरांत. शेजारी मर्यादा छापलेली, १ ते ६.

"एक टक्का जास्त आहे," अप्पा म्हणाले, जणू माझ्या नावावर बोजा चढला होता.

फॅमिली ग्रुपवर उपचार सुरू झाले. ताईचं म्हणणं ॲलर्जी, आत्याचं म्हणणं जंत. दोघींचं बरोबर असू शकतं ही त्यातली वाईट गोष्ट. हे इओसिनोफिल दोन्हींत वाढतात. त्यामुळे शाळेत मुलांना देतात ती जंतांची गोळी मला द्यावी की नाही, यावर माझं मत सोडून सगळ्यांची मतं घेण्यात आली. हिमोग्लोबिन १४.२ म्हणजे पुरुषाला उत्तम, पण रिपोर्ट रक्ताचा आहे एवढ्यावरच आईने बीट किसायला घेतलं. जोशीकाका पपईच्या पानांचा रस घेऊन वर आले. माझ्या प्लेटलेट्स २ लाख ४० हजार होत्या, दीड लाख ते साडेचार लाखांच्या मर्यादेत. मी तसं सांगितलं. "डेंग्यूचे दिवस आहेत," काका म्हणाले, "वाढवून ठेवलेल्या बऱ्या." तो रस कसा लागतो हे मी इथे लिहीत नाही. लोक जेवत वाचतात.

रविवारी भाची आली. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे, हॉस्टेलवरून कपडे धुवायला आणि जेवायला येते. रिपोर्ट बघून ती हसली.

"मामा, टक्के काय बघतोस? पांढऱ्या पेशी एकूण ६००० आहेत. त्याचे सात टक्के किती?"

"४२०," अप्पा म्हणाले.

"पाचशेच्या आत आहे, म्हणजे ठीक आहे. आणि हे गणित खाली छापलेलं पण आहे."

होतं खरं. साध्या अक्षरांत होतं, म्हणून ते घरात कोणीच वाचलं नव्हतं. मग तिने आणखी एक सांगितलं. या मर्यादा बहुतेक वेळा अशा आखतात की शंभर धडधाकट माणसांतली पंचाण्णव त्यात बसावीत. उरलेली पाच धडधाकट असूनही बाहेर. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या केल्या तर ठणठणीत माणसाच्या रिपोर्टातही निदान एक आकडा ठळक येण्याची शक्यता ६४ टक्के. आमच्या पॅकेजमध्ये चाचण्या वीसहून कितीतरी जास्त होत्या. सगळं साध्या अक्षरांत आलं असतं तर ते नवल.

मग तिने मोबाइलवर फोटो दाखवले, मायक्रोस्कोपच्या भिंगाला मोबाइल लावून टिपलेले. प्रॅक्टिकलला स्वतःच्याच बोटाला टोचायचं, थेंब काचेवर पसरायचा, लिशमनचा रंग घालायचा आणि शंभर पांढऱ्या पेशी ओळखून खुणा करायच्या. "मशीन मिनिटाभरात हजारो मोजतं. कोल्टर नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने १९५३ मध्ये पेटंट घेतलंय त्याचं. आणि आम्ही अजून शंभरावर अडलोय."

तांबड्या पेशींची सगळीकडे गर्दी, मधे फिकट, केंद्रक नाहीच. त्यांच्यात कुठेकुठे जांभळे पाहुणे. केंद्रकाचे तीन-चार तुकडे बारीक दोऱ्याने जोडलेले, तो न्यूट्रोफिल. जवळजवळ सगळी जागा गोल केंद्रकाने अडवलेली, तो लिम्फोसाइट. सगळ्यांत मोठा आणि मूत्रपिंडाच्या आकाराचं केंद्रक बाळगणारा मोनोसाइट. आणि माझा आरोपी इओसिनोफिल, केंद्रकाचे दोन भाग आणि भोवती केशरी कण, थेट बुंदीचा लाडू. एवढ्या देखण्या पेशीसाठी मी पपईचा पाला प्यायलो होतो.

अप्पांनी मोबाइल घेतला तो सोडेचनात. भिंग आणलं, पेन्सिल आणली, न्यूट्रोफिलच्या खुणा पाच-पाचच्या गठ्ठ्यांत बांधायला लागले. मधेच म्हणाले, "हा काळा डाग कसला?"

"रंग सांडलाय आजोबा."

"डागाला कड इतकी गोल नसते."

भाचीने फोटो मोठा केला आणि किंचाळली. गडद निळ्या कणांनी केंद्रक पार झाकून टाकलेला बेसोफिल होता तो. शंभरात कसाबसा एक, बहुतेकदा तोही नाही. तिच्या सगळ्या बॅचला शोधून सापडला नव्हता. अप्पांनी नुसतंच "नोंद कर" म्हटलं आणि पुढच्या फोटोकडे वळले.

एवढं झाल्यावरही डॉक्टरांना दाखवायचं होतंच. त्यांनी इओसिनोफिलवरून फक्त "शिंका येतात का?" एवढं विचारलं. घराला ओल आहे, येतात, म्हटलं. त्यांनी पान उलटलं. आणखी उलटलं. चौथ्या पानावर, जिथे लॅबने काहीच ठळक केलेलं नव्हतं आणि मी मुद्दाम कोणाचं लक्ष वेधलं नव्हतं, तिथे त्यांचं बोट थांबलं. तीन महिन्यांची शुगर ५.९. साडेसहापासून मधुमेह धरतात, पण ५.७ च्या पुढे गेलं की उंबरठ्यावर.

"आंबे बरेच झाले वाटतं," डॉक्टर म्हणाले.

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या यकृताच्या चित्राकडे बघितलं.

रोज चालायचं, गोड कमी करायचं आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं, असं ठरलं. रिक्षा घरी पोचायच्या आत ग्रुपवर ताईचा प्रश्न आला होता: तीन महिने दिवाळीच्या आधी भरतात की नंतर? त्यावर अजून मतदान चालू आहे.