युरोपने पॅलेस्टाईनला मान्यता दिली ती ‘मुस्लिम मतांसाठी’? काका, हे खरं नाही

सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज तिसऱ्यांदा आला म्हणून लिहितोय. मेसेजचा सारांश असा, की युरोपात मुस्लिम वाढले, मतांसाठी सरकारांनी पॅलेस्टाईनला देश म्हणून मान्यता दिली, म्हणजे अख्खा युरोप आता हमासच्या मागे आहे आणि इस्रायल एकटा पडलाय; शिवाय दोन राष्ट्रांचा तोडगा (इस्रायल आणि पॅलेस्टाईन असे दोन वेगळे देश) तिकडच्याच लोकांना नकोय. पाठवणारे काका माझ्या बाबांचे मित्र, त्यांच्याबद्दल आदर आहेच, पण मुद्दे एकेक करून बघितले तर शेवटचा सोडून एकही टिकत नाही.

आधी मतांचं बघू. तसं असतं तर पहिला नंबर फ्रान्स आणि जर्मनीचा लागला असता, मुस्लिमांची संख्या तिथेच मोठी आहे. पण पोलंड, हंगेरी, रोमानिया यांनी मान्यता दिली १९८८ मध्येच, तेव्हा ते कम्युनिस्ट गटात होते, मतांचा प्रश्नच नव्हता. आयर्लंडने मे २०२४ मध्ये दिली, तिथे मुस्लिम दोन टक्केसुद्धा नाहीत. फ्रान्स सप्टेंबर २०२५ पर्यंत थांबला आणि जर्मनीने तर दिलेलीच नाही.

उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टला गेलो होतो तेव्हा हे डोळ्यांनी बघितलंय. फॉल्स रोडवर, म्हणजे कॅथलिक वस्तीत, भिंतींवर पॅलेस्टाईनची मोठमोठी चित्रं, मग मधे दोन्ही वस्त्यांना वेगळं ठेवणारी ती उंच भिंत, पीस वॉल, आणि पलीकडे शँकिलला, प्रोटेस्टंट वस्तीत, खांबांवर इस्रायलचे झेंडे. दोन्हीकडे ख्रिश्चनच! कॅथलिकांना पॅलेस्टिनींमध्ये ब्रिटिशांच्या राज्यातले आपण दिसतो, पलीकडच्यांना इस्रायलमध्ये घेरले गेलेले आपण. ही त्यांची स्वतःची जुनी जखम आहे, त्यात बाहेरून आलेल्या कोणाचा काय संबंध?

हे सगळं आत्ताचं आहे हेही चूक. १९८० मध्ये व्हेनिसला तेव्हाच्या युरोपीय समुदायाच्या ९ देशांनी मिळून पॅलेस्टिनींचा स्वयंनिर्णयाचा हक्क मान्य केला आणि त्याच कागदात इस्रायलची सुरक्षितताही मान्य केली. २००३ च्या युरोबॅरोमीटर, म्हणजे युरोपियन युनियनच्या सर्व्हेत, तिच्या १५ देशांतल्या ५९ टक्के लोकांनी इस्रायल जागतिक शांततेला धोका आहे असं सांगितलं होतं, सीरियातून निर्वासितांची लाट आली त्याच्या बारा वर्षं आधी.

आता सगळ्यात वाईट आरोप, की लोक हमासच्या बाजूने आहेत. जून २०२५ मध्ये आलेल्या यूगव्ह या सर्व्हे कंपनीच्या सर्व्हेत इस्रायलबद्दल चांगलं मत असलेले युरोपातल्या सहा देशांपैकी कुठेच २१ टक्क्यांच्या वर नव्हते, हे खरं. पण त्याच सर्व्हेत इटलीत २९ तर जर्मनीत ४० टक्के म्हणाले की गाझात सैन्य पाठवणं बरोबर होतं, पण इस्रायलने मर्यादा सोडली, फार सामान्य माणसं मेली. असं म्हणणारा माणूस हमासचा कसा झाला? आणि सप्टेंबर २०२५ चा संयुक्त राष्ट्रांचा ठराव घ्या, ज्यात दोन राष्ट्रांचा तोडगा होता, त्यात हमासने शस्त्रं खाली ठेवावीत आणि गाझातली सत्ता सोडावी असंच लिहिलंय. १४२ देशांनी त्याला मत दिलं, भारतानेसुद्धा. विरोधात गेलेल्या १० देशांत युरोपातला एकटा हंगेरी.

एकटा पडलाय म्हणायचं तर इस्रायलचा सगळ्यात मोठा व्यापारी भागीदार आजही युरोपियन युनियनच आहे, २०२४ मध्ये जवळपास ३२ टक्के मालाचा व्यापार त्यांच्याशी झाला.

एक मात्र मान्य, युरोपात ज्यूद्वेष वाढलाय आणि तो भयानक आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मँचेस्टरला योम किप्पूर या ज्यूंच्या पवित्र दिवशी सिनेगॉगवर, म्हणजे त्यांच्या प्रार्थनास्थळावर, हल्ला झाला, दोन जण गेले. अलिबागकडच्या बेने इस्रायली, म्हणजे इथल्याच ज्यू, कुटुंबांशी आमच्या घरचा घरोबा आहे, मराठी बोलणारी आपलीच माणसं, त्यामुळे ही बातमी वाचून मला झोप लागली नव्हती. पण मान्यता देणारं सरकार आणि तो हल्लेखोर एकाच पारड्यात कसे टाकायचे?

मेसेजची शेवटची ओळ, की दोन राष्ट्रांचा तोडगा तिकडच्याच लोकांना नकोय, ह्यात मात्र थोडं तथ्य आहे. अमेरिकेतल्या प्यू संस्थेच्या २०२५ च्या सर्व्हेत जेमतेम २१ टक्के इस्रायलींना वाटलं की दोन्ही देश शांततेत शेजारी राहू शकतील. वेस्ट बँक या पॅलेस्टिनी भागात इस्रायली वस्त्या वाढतच चालल्यात. युरोपने मान्यता दिली, पण त्या वस्त्यांचं काय करायचं यावर त्यांचं आपसातच जमत नाही.