रेशनवर मिळतं, पण फुकट नाही

‘क्युबात सरकार सगळ्यांना धान्य फुकट देतं’ असं क्युबावरच्या एका लेखात सरसकट म्हटलंय, ते बरोबर नाही. १९६२ पासून चालत आलेल्या लिब्रेतावर, म्हणजे तिथल्या रेशनच्या वहीवर, माल सवलतीत मिळतो. पैसे मोजावेच लागतात. १ जानेवारी २०२१ ला दोन चलनांचं एक केलं, तेव्हा रेशनचा पाव ५ सेंटावोवरून थेट १ पेसोवर, म्हणजे १०० सेंटावोवर, गेला. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याचं वजनही ८० ग्रॅमवरून ६० वर आणलं. तोही वेळेवर आला तर!

कॉफी मात्र लेखात एका ओळीत उरकलीय. रेशनच्या पुडीत निव्वळ कॉफी नसते. २०११ पासून त्यात भाजलेले वाटाणे पुन्हा मिसळायला लागले. ही पूड मोका पॉटमध्ये, म्हणजे खालचं पाणी वाफेच्या दाबाने पुडीतून वर चढवणाऱ्या कॉफीच्या भांड्यात, दाबून भरायची नाही, सैलच ठेवायची. वाटाण्याच्या पिठूळपणाने जाळी तुंबते, पाणी वर चढत नाही, आणि त्यात सेफ्टी व्हॉल्व्हही अडकलेला असेल तर भांडं फुटतं. तिथे असे अपघात झालेत, ही थट्टा नाही. पाणीही व्हॉल्व्हच्या खालपर्यंतच घालायचं.

क्युबन कॉफीवरचा फेस दुधाचा नसतो. तीन-चार चमचे साखरेत कॉफीचे अगदी पहिले, दाट थेंब घालून फिकट रंग येईस्तोवर घोटायचं, मग उरलेली कॉफी वरून सोडायची. सुरुवातीलाच जास्त कॉफी पडली की साखर विरघळून नुसता पाक होतो.