भरती झाला आणि भरती केला

लेकीच्या इंग्रजीच्या गाइडमधली एक चौकट आज बघितली आणि डोकंच फिरलं. एनलिस्ट, एनरोल, रिक्रूट, कॉन्स्क्रिप्ट, ड्राफ्ट. पाचही शब्दांपुढे एकच अर्थ: सैन्यात भरती करणे!

माझे वडील १९७३ साली माण तालुक्यातून बेळगावला गेले आणि मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले. 'झाले'. त्यांना कुणी 'केलं' नाही. ते सांगायचे, "साहेबानं अटी वाचून दाखवल्या, मग विचारलं, राजी आहेस का? हो म्हणालो, तेव्हा कुठं सही घेतली." १९५० च्या आर्मी अ‍ॅक्टमध्येच आहे हे. अटी समजावून सांगायच्या, माणूस राजी आहे याची खात्री करायची, मगच दोघांच्या सह्या. याला म्हणतात एनरोल. पटावर नाव चढणं.

एनलिस्ट होणारा आपल्या पायांनी जातो. रिक्रूट करतं ते सैन्य, आणि त्या नवख्या पोरालाही रिक्रूटच म्हणतात. आपला रंगरूट तिथूनच आला. कॉन्स्क्रिप्ट म्हणजे कायद्यानं ओढून नेलेला. अमेरिकेत त्या सक्तीलाच ड्राफ्ट म्हणतात. आधी कुणाला न्यायचं हे ठरवायला १ डिसेंबर १९६९ ला वॉशिंग्टनमध्ये काचेच्या बरणीतून जन्मतारखांच्या चिठ्ठ्या काढल्या. पहिली निघाली १४ सप्टेंबर. संपलं! त्या तारखेला जन्मलेली पोरं यादीत सगळ्यात वर, आणि तिकडे व्हिएतनाम पेटलेलं. त्यांना कुणी विचारलं, राजी आहेस का?

आणि या दोन्हींना एकच अर्थ? स्वतःचा घोडा घेऊन येणारा शिलेदार वेगळा, सरकारी घोड्यावर बसणारा बारगीर वेगळा, एवढं बारीक बघणारी आपली भाषा. तिच्यात पाच शब्दांना पाच ओळी लिहायला जागा मिळाली नाही?

बरं, बहात्तरच्या दुष्काळानं वडिलांना घराबाहेर ढकललं, हे मान्य. विहिरीत पाणी नव्हतं, घरात खाणारी नऊ तोंडं. पण 'नाही' म्हणायची मुभा होती त्यांना. ते 'हो' त्यांचं स्वतःचं होतं, आणि शेवटपर्यंत तेच सांगताना त्यांचा आवाज बदलायचा.

रागानं लिहायला बसलो होतो, आता तेवढा राग उरला नाही. मघाशी ट्रंकेतून त्यांचं डिस्चार्ज बुक काढलं. कडा कुरतडलेल्या, शाई तपकिरी झालेली. लेकीनं बोट ठेवून वाचलं: डेट ऑफ एनरोलमेंट. मग मला विचारते, "म्हणजे आजोबांना आधी विचारलं होतं ना?"

हो बाळा. विचारलं होतं.