फोटोकॉपीच्या नादी लागू नका

निकाल लागला म्हणे तुमचा. अभिनंदन! चार विषय सुटले, पाचव्यात केटी लागली, म्हणजे तो विषय राहिला, पुन्हा द्यायचा, आणि तुमचं एकच पालुपद, ‘पण पेपर तर मस्त गेला होता!’ अहो, पेपर मस्त जाणं ही तुमची खाजगी भावना झाली. गुण ही कार्यालयीन बाब आहे. या दोन्हींची गल्लत करून रिव्हॅलचा, म्हणजे पेपर पुन्हा तपासून घेण्याचा, फॉर्म भरायला धावणारी पोरं पाहिली की पोटात तुटतं, म्हणून हे चार शब्द.

आधी ‘मुदत’ हा शब्द नीट समजून घ्या. ऑफिसच्या खिडकीच्या अलीकडे आणि पलीकडे त्याचे अर्थ वेगळे आहेत. तुमच्या बाजूची मुदत म्हणजे सकाळची चर्चगेट फास्ट. सुटली की सुटली. मग तुम्ही जिन्यावर होतात की आजीला घेऊन केईएम हॉस्पिटलमध्ये, याच्याशी गाडीला काही देणंघेणं नाही. पलीकडची मुदत म्हणजे रविवारचा मेगाब्लॉक. गाड्या उशिराने धावतील, प्रवाशांना होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.

हे मी मनाचं सांगत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ उघडा, कलम ८९ काढा. शेवटच्या पेपरपासून ३० दिवसांत निकाल लावायचा विद्यापीठाने प्रयत्न करायचा आहे. ‘प्रयत्न’ हा शब्द बघून ठेवा, पुढे आयुष्यात नोकरीत उपयोगी पडेल. आणि काही झालं तरी ४५ दिवसांच्या आत लावायचाच आहे. नाहीच लागला तर? तर उशीर का झाला याचा सविस्तर अहवाल कुलपतींना आणि शासनाला द्यायचा. संपलं. आता हीच सोय तुम्हीही मागून बघा. ‘सेमिस्टरभर अर्थशास्त्राचा अभ्यास करायचा प्रयत्न केला, काही अपरिहार्य कारणांनी झाला नाही, कारणांचा सविस्तर अहवाल सोबत जोडला आहे, कृपया पास करावे.’ बघा काय उत्तर येतं.

वेळेचं महत्त्व मुंबई विद्यापीठाला कुणी शिकवायची गरज नाही. फोर्टच्या आवारात राजाबाई टॉवर उभा आहे. प्रेमचंद रायचंद यांनी आईच्या नावाने पैसा दिला. आई डोळ्यांनी अधू, जैन धर्माप्रमाणे सूर्यास्ताआधी जेवणारी. घंटा ऐकून तिला वेळ कळावी म्हणून हा टॉवर, असं सांगतात. १८७८ साली तो बांधून पूर्ण झाला आणि तेव्हापासून फोर्टला वेळ सांगतोय. परीक्षेचा कारभार मात्र कालिन्यातून चालतो. तिथून टॉवर दिसत नाही.

२०१७ आठवतंय ना? तुम्ही तेव्हा शाळेत असाल, ताईला विचारा. त्या वर्षी सगळ्याच शाखांच्या उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकावर तपासायचं ठरलं. उन्हाळा गेला, पाऊस आला, राज्यपालांनी ३१ जुलैची तारीख दिली, तीही गेली. मदतीला नागपूरपर्यंतचे प्राध्यापक तपासायला बसले. काही उत्तरपत्रिका सापडेनात, त्या मुलांना सरासरी गुण देण्यात आले. म्हणजे बघा, ज्याची उत्तरपत्रिका हरवली तोही सुटला आणि ज्याची सापडली तो तपासनिसाच्या तावडीत सापडला! ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना जावं लागलं. ज्यांना त्या मधल्या काळात परदेशी किंवा दुसऱ्या विद्यापीठात प्रवेश घ्यायचा होता, त्यांच्यासाठी अर्थातच तिथल्या तारखा कुणी पुढे ढकलल्या नाहीत.

तरी तुम्हाला तपासलेल्या उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी हवीच आहे? ठीक. निकालानंतरचे मोजके दिवस असतात, त्यात पैसे भरायचे, फॉर्म भरायचा, त्याची प्रिंट काढायची, कॉलेजच्या खिडकीवर द्यायची. खिडकी एकला जेवायला बंद होते. साडेबाराला गेलात तर ‘आता लंच होईल, नंतर या’ आणि दोनला गेलात तर ‘सकाळी यायचं होतं’. प्रिंटवर स्टॅम्प मारून घ्या हो, नाहीतर अर्ज दिलाच नव्हता असं निघेल.

मग एके दिवशी डोंबिवली फास्टमध्ये लटकलेले असताना मेल येतो. एका हाताने दांडा धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने पीडीएफ उघडायची. पान चौदा उलटं स्कॅन झालेलं असतं, त्यामुळे मान वाकडी करून वाचावं लागतं आणि शेजारचे काकाही तुमच्याबरोबर मान वाकडी करतात. प्रश्न तीनच्या बाजूला चार, तीन, पाच. बेरीज बारा. पहिल्या पानावर प्रश्न तीनपुढे दोन. एवढंच. एक ‘एक’ कुठेतरी कुर्ला ते घाटकोपरच्या मध्ये पडला. पुरवणीतला शेवटचा प्रश्न तर जसाच्या तसा कोरा आहे, म्हणजे तुम्ही लिहिलाय, पण त्यावर कुणाचा लाल डाग नाही. काका म्हणतात, ‘आमच्या वेळी असं नव्हतं.’ त्यांच्या वेळी फोटोकॉपीच मिळत नव्हती, त्यामुळे असं असलं तरी कळायचा प्रश्न नव्हता. सुखी पिढी.

तुम्ही काही करू नका. माहिती अधिकाराचं तर नावच काढू नका. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या खटल्यात सांगून टाकलं की तपासलेली उत्तरपत्रिका ही ‘माहिती’ आहे आणि ज्याने लिहिली त्याला ती बघायचा हक्क आहे. तपासनिसाचं नाव मात्र मिळणार नाही, आणि या कायद्याच्या जोरावर फेरतपासणीही मागता येणार नाही. म्हणजे चूक डोळे भरून बघायची, एवढाच हक्क. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवा आणि तीस दिवस वाट बघा. उत्तर नाही आलं तर पहिलं अपील करा. फक्त उत्तरपत्रिका जपून ठेवायची जेवढी मुदत आहे तेवढ्यातच हे सगळं उरका. ही मुदत कुठल्या बाजूची, हे मी सांगायला नको.

आणि हल्ली पोरांना कुणीतरी ते यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०२३ चे नियम दाखवलेत. विद्यार्थी तक्रार निवारण समिती, तिने शक्यतो १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा, नाही पटला तर १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील, त्याने ३० दिवसांत निकाल लावायचा. निकाल वेळेत लागला नाही तर तीही तक्रार तिथे चालते. तुमच्या कॉलेजात अशी समिती आहे का, हे कृपया विचारू नका. विचारलंत की ऑफिसमधले जुने क्लार्क चष्मा वर करून तुमच्याकडे बघतात आणि सावकाश विचारतात, ‘कुठल्या वर्गातला रे तू?’ नुसतं कुतूहल असतं त्यात.

शहाण्या मुलाने काय करावं? केटीचा फॉर्म भरावा. लेट फी न लागता भरावा, कारण ती मुदत तुमची. तोच विषय पुन्हा वाचावा, नवीन उत्तरपत्रिकेत तेच उत्तर पुन्हा लिहावं, या खेपेला पुरवणी शक्यतो घेऊच नये. पेपर देऊन घरी यावं. आणि मग साधारण आठवड्याने, न राहवून भरलेल्या रिव्हॅलचा निकाल येईल. एकतीसचे त्रेचाळीस, पास. केटीची फी परत मिळते का, हे विचारायला खिडकीवर गेलात तर एकच्या आधी जा.