शेरा : निरंक

सगळ्यात आधी पेन शोधा. ट्रक कुठे पळून जात नाही. दैनिक तपासणीचं रजिस्टर उघडा, तारीख टाका आणि ब्रेक, टायर, दिवे, स्टिअरिंग, आरसे, वायपर, हॉर्न अशा सगळ्या रकान्यांसमोर वरून खाली बरोबरच्या खुणा करत या. हात बसलेला असेल तर एका दमात होतं. शेवटच्या चौकटीत ‘निरंक’ लिहा, सही ठोका. झाली तपासणी. आता इंजिन सुरू करायला हरकत नाही.

नवशिके महिन्याभराचं रजिस्टर एका बैठकीत, एकाच पेनाने भरून टाकतात. मग गाडी गॅरेजात उघडून पडलेली असते त्या दिवशीही तिचे ब्रेक उत्तम निघतात आणि तीस दिवसांच्या महिन्यात एकतिसावी तपासणी होते. असा बावळटपणा नको. पेनं दोन ठेवा, खुणेचा कल मधूनमधून बदला, एखाद्या पानावर ग्रीसचा अंगठा उमटू द्या. आठवड्यातून एकदा ‘डावा मडफ्लॅप किंचित फाटला आहे’ असंही लिहा. मडफ्लॅपपायी सहसा कुणी फेरी अडवत नाही, आणि माणूस केवढा बारकाईने बघतो असं वाचणाऱ्याला वाटतं.

रजिस्टर जाऊन मोबाइलवरचं ॲप आलं असेल तरी घाबरू नका. ॲप टायरचा फोटो मागतं. टायर काल गोल आणि काळा होता, आजही आहे, तेव्हा कालचा फोटो चालून जातो. फक्त ॲप वेळही नोंदवतं, आणि अख्खी जोडगाडी चाळीस सेकंदांत तपासून झाली हे नंतर वाचायला बरं दिसत नाही. तेव्हा एक खूण करा, एक रील बघा, मग दुसरी खूण करा.

फाटकापाशी साहेब उभे असतील तर मात्र खाली उतरावं लागतं. अशा वेळी टायरला लाथ घाला. लाथेने हवा कळत नाही, पण आवाज चांगला येतो. शिवाय लाथ पोचते ती बाहेरच्या टायरलाच. जोडचाकातला आतला टायर पार बसला असला तरी बाहेरचा त्याचाही भार उचलून उभा असतो, आणि लांबून दोघं सारखेच दिसतात. बसलेला टायर धावताना दुमडत राहतो, त्याच्या भिंती तापतात आणि मग तो फुटतो, कधी पेटही घेतो. तोवर तुम्ही फाटकापासून पुष्कळ लांब गेलेले असता.

हवेसाठी गेज आणि नक्षीच्या खोलीसाठी मापक अशा दोन वस्तू मिळतात. दोन्हींपासून दूर राहा. अमेरिकेत ट्रकच्या पुढच्या टायरांना किमान ४/३२ इंच, म्हणजे सुमारे ३.२ मिलिमीटर नक्षी लागते आणि बाकीच्यांना त्याच्या निम्मी. ब्रिटनमध्ये अवजड गाडीला १ मिलिमीटर चालते. नियम कुठलाही असो, मोजलं की आकडा येतो, आणि आकड्यापुढे ‘ठीक’ असं लिहिताना हात अडखळतो. नजरेने पाहिलेला टायर कायम ठीकच असतो.

चाकांच्या नटांकडे तर नजरही टाकू नका. नटाखालून गंजाची तांबूस रेघ ओघळली असेल, किंवा त्याच्याभोवतीचा रंग उडून धातू चकाकत असेल, तर नट सैल असल्याचा संशय येतो. काही गाड्यांच्या नटांवर प्लास्टिकचे छोटे बाण बसवलेले असतात. शेजारशेजारच्या बाणांची टोकं एका ठरलेल्या दिशेने लावतात, म्हणजे नट जरा जरी फिरला तरी बाण भलतीकडे वळलेला दिसतो. किती दुष्टपणा! तुम्ही कुणाला काही न विचारता, न मागता, नुसतं शेजारून गेलात तरी कळतं. म्हणून शेजारून जाऊच नये. केबिनला दार डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना दिलेलं आहे ते उगाच नाही.

आता ब्रेक. हवेच्या ब्रेकची तपासणी हा या सगळ्या प्रकारातला सर्वांत धोक्याचा भाग, कारण तो खरोखर केला तर खरोखर काहीतरी कळतं. टाकीत हवा पूर्ण भरू द्यायची, इंजिन बंद करायचं, ब्रेकचं पेडल दाबून धरायचं आणि एक मिनिट काट्याकडे बघत बसायचं. अमेरिकेतल्या चालकांना शिकवतात त्याप्रमाणे एकट्या ट्रकमध्ये ३ पीएसआयपेक्षा (पीएसआय हे हवेच्या दाबाचं माप) आणि ट्रेलर जोडलेला असेल तर ४ पीएसआयपेक्षा जास्त दाब उतरला, तर कुठेतरी गळती आहे. मग पेडल पुन्हा पुन्हा दाबून हवा काढत जायची. दाब ६०च्या आसपास येईपर्यंत बझर वाजला पाहिजे किंवा दिवा लागला पाहिजे. आणखी काढली की २० ते ४५च्या दरम्यान पार्किंग ब्रेकचं बटण आपोआप बाहेर उडी मारतं, कारण तो ब्रेक लावते ती स्प्रिंग, आणि हवेचं काम फक्त तिला मागे दाबून धरणं. बनवणाऱ्याने किती विचार केला असेल याचं क्षणभर कौतुक वाटतं. पण कौतुकात वेळ गेला की सुपरवायझरचा फोन येतो. सोडून द्या.

याहून वाईट म्हणजे पुशरॉड, हवेच्या दाबाने सरकून ब्रेक लावणारा दांडा, बघणं. चाकांना ठोकळे लावायचे, पार्किंग ब्रेक सोडायचा, गाडीखाली सरपटत जायचं आणि त्या दांड्याला जोडलेली तरफ, म्हणजे स्लॅक ॲडजस्टर, हाताने जोर लावून ओढायचा. तो साधारण एक इंचापेक्षा जास्त सरकला तर ब्रेक सैल आहे. एवढं करून शर्टाची वाट लागते ती निराळीच. त्यापेक्षा उभ्या गाडीत पेडल दाबून बघा, ‘फुस्स’ आवाज आला की ब्रेक उत्तम. लांब उतारावर चाकाबरोबर फिरणारा ब्रेकचा ड्रम तापून फुगतो, त्याच्यावर घासणाऱ्या लायनिंगपासून लांब जातो, पुशरॉडला आणखी सरकावं लागतं आणि आधीच सैल असलेल्या ब्रेकला सरकायला जागाच उरत नाही, हे खरं. पण फॉर्मवर ‘उतार’ नावाचा रकाना नाही.

आता समजा, सगळी काळजी घेऊनही एखादा दोष डोळ्यांत शिरलाच. तर शांत राहा आणि तो लिहिल्यावर काय होतं ते आठवा. गाडी थांबते. फेरी दुसऱ्याला जाते. फेरीवर पैसे मिळणाऱ्याचा दिवस बुडतो. मेकॅनिक विचारतो, “काल तर नव्हतं?” सुपरवायझर विचारतो, “तुमच्याच गाडीला कसं रोज काहीतरी होतं?” भिंतीवर ‘सुरक्षा प्रथम’ अशी पाटी असतेच, तिच्याखाली उभं राहूनच हा प्रश्न विचारला जातो. दोन वेळा दोष लिहिणारा चालक कटकट्या ठरतो, आणि कायम निरंक लिहिणाऱ्याला चांगली गाडी मिळते. तुम्हाला खोटं लिही असं कुणीही सांगत नाही. सांगायची गरजच पडू नये, अशी सोय केलेली असते.

कागदाची रचना तशी सुंदर आहे. एक चालक दोष लिहितो, मेकॅनिक ‘दुरुस्त केला’ किंवा ‘दुरुस्तीची गरज नाही’ अशी सही करतो, आणि दुसऱ्या दिवशीचा चालक ते वाचून, पाहून सही करतो. यातल्या ‘दुरुस्तीची गरज नाही’ या पर्यायाला मी फार मानतो. त्याला ना पाना लागतो ना सुटा भाग. तुमची सही तिसरी असेल तर वरचं काही वाचू नका. वाचलं असं सिद्ध झालं तर ‘मला माहीत नव्हतं’ म्हणायची सोय जाते.

अमेरिकेने २०१४च्या डिसेंबरमध्ये मालवाहू गाड्यांच्या चालकांना ‘दोष आढळला नाही’ असा रोजचा अहवाल देण्यातून मोकळं केलं. तपासणी मात्र करायचीच, आणि दोष सापडला तर लिहायचाच. तपासणी ठेवून खूण काढून टाकायची, हे म्हणजे आपल्या कलेचा अपमानच. असले वारे तुमच्या कचेरीत वाहू लागले तर विरोध करा. निरंक अहवालांचे गठ्ठे नसतील तर कपाटात ठेवायचं काय?

आणि ते गठ्ठे नीट ठेवलेच पाहिजेत, कारण कधीतरी चौकशी होते. तेव्हा मालक म्हणतील, “आमच्याकडे रोज तपासणी होते, हा बघा कागद.” मेकॅनिक म्हणेल, “मला कुणी कळवलंच नाही.” सुपरवायझर म्हणेल, “गाडी ठीक आहे असं लिहून आलं, म्हणून तर फेरी दिली.” तिघांच्याही बोलण्यात खोट काढता येणार नाही. त्यामुळे बाकी काही नाही केलंत तरी सही सुवाच्य करा. खाली पूर्ण नाव आणि परवाना क्रमांक लिहा. चौकशी अधिकाऱ्याला शोधाशोध करावी लागू नये.