‘हो की नाही ते सांगता येत नाही’ या अभिप्रायाला लॅबचं उत्तर

नमस्कार,

तुमचा अभिप्राय वाचला. एक तारा आणि खाली चार तक्रारी. एचआयव्हीच्या तपासणीचा रिपोर्ट ‘इनडिटरमिनेट’ आला, म्हणजे हो की नाही ते कळलंच नाही. दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा रक्त द्यायला सांगितलं, म्हणजे पैसे काढायचा धंदा. त्याच संध्याकाळी दुसऱ्या लॅबने कार्डावर ‘निगेटिव्ह’ दिलं. आणि भाऊ रिपोर्ट न्यायला आला, तर त्याला तसंच परत पाठवलं.

आधी एक विनंती. अभिप्रायावर तुमचं पूर्ण नाव दिसतंय, ते आजच बदला किंवा काढा. तारा एकच राहू दे, माझी हरकत नाही. तुम्ही आमच्याकडे आला होतात का, काय तपासलं, काय निघालं, यातलं अक्षरही मी इथे लिहिणार नाही. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेला एचआयव्ही-एड्स कायदा ते करू देत नाही, आणि कायदा नसता तरी मी लिहिलं नसतं. भावाच्या तक्रारीचं उत्तरही यातच आलं. हा रिपोर्ट ज्याचा त्याच्याच हातात जातो. नवरा, सासू, ऑफिसचा एचआर, कुणीही मागितला तरी नाही, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तर नाहीच.

आता कुणाचंही सॅम्पल आलं की आमच्याकडे काय होतं ते सांगते. पहिली तपासणी मशीनवर, चौथ्या पिढीच्या किटने. ती रिअ‍ॅक्टिव्ह आली, म्हणजे किटने ‘काहीतरी सापडलं’ असं दाखवलं, की तेच सॅम्पल आणखी दोन वेगळ्या बनावटीच्या किटवर जातं. तिन्ही रिअ‍ॅक्टिव्ह आले तरच पॉझिटिव्ह. फक्त पहिलं रिअ‍ॅक्टिव्ह आणि पुढची दोन्ही नाहीत, तर निगेटिव्ह. पुढच्या दोघांपैकी एक हो म्हणतं, एक नाही म्हणतं, तेव्हा ‘इनडिटरमिनेट’ लिहायचं आणि १४ ते २८ दिवसांनी नवं सॅम्पल घ्यायचं. हा नियम नाकोचा, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचा आहे, सिव्हिलमध्येही हाच.

अशी सॅम्पल मी स्वतः बघते. मशीनवरचा आकडा रिअ‍ॅक्टिव्हच्या रेषेच्या जेमतेम वर असतो. जुन्या संसर्गात तो बहुधा कितीतरी पट जास्त येतो. पुढच्या किटांपैकी टिपक्यांच्या कार्डावर कंट्रोलचा, म्हणजे कार्ड नीट चाललं हे दाखवणारा टिपका ठसठशीत गुलाबी, आणि शेजारी एचआयव्ही-१ (विषाणूचा नेहमीचा प्रकार) च्या जागी इतका पुसट, की कार्ड तिरपं धरलं तर दिसतो, सरळ धरलं तर नाही. दोन तंत्रज्ञ तो वेगवेगळे वाचतात. पुसट टिपकाही रिअ‍ॅक्टिव्हच धरायचा असतो. तो ‘नसेल’ म्हणून सोडून देणारी लॅब मला चालवायची नाही.

याचा अर्थ दोन प्रकारे लागू शकतो. एक तर खोटी घंटा. गरोदरपण, संधिवातासारखे ऑटोइम्यून आजार, अलीकडे घेतलेली फ्लूची लस, मलेरियासारखा नुकता होऊन गेलेला ताप, अशा कारणांनी रक्तातली भलतीच प्रतिद्रव्यं (अँटिबॉडी) किटला चिकटतात. जोखमीचं काहीच घडलेलं नसेल, तर अशी बहुतेक माणसं पुढे निगेटिव्हच निघतात. दुसरी शक्यता अगदी ताज्या संसर्गाची. त्यात विषाणूचं पी-२४ हे प्रथिन आधी दिसतं, प्रतिद्रव्यं मागून येतात. चौथ्या पिढीचं किट दोन्ही शोधतं. संध्याकाळी झटपट मिळणारी बरीचशी कार्डं फक्त प्रतिद्रव्यं शोधतात. त्यामुळे त्या कार्डावरचा ‘निगेटिव्ह’ खरा असू शकतो, पण त्याने दुसरी शक्यता मिटत नाही.

ती मिटवतो वेळ. संसर्ग खरा असेल, तर दोन-चार आठवड्यांत प्रतिद्रव्यं वाढतात आणि तिन्ही किट एकसुरात बोलू लागतात. खोटी घंटा असेल, तर आकडा तिथेच रेंगाळतो किंवा उतरतो. म्हणून तेच रक्त पुन्हापुन्हा तपासून उपयोग नाही, नवंच लागतं. त्या दुसऱ्या सॅम्पलचे पैसे आम्ही कुणाकडूनही घेत नाही. आमच्यावर विश्वास नसेल तर सिव्हिलमधल्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात जा, तिथे तपासणी मोफत आहे आणि समुपदेशकही भेटतो.

‘मग लगेच वेस्टर्न ब्लॉट का नाही केलं?’ असंही तुम्ही विचारलंय. ही प्रतिद्रव्यं पट्टीवर रेघांनी दाखवणारी तपासणी. त्या पट्टीवर अशा वेळी अनेकदा पी-२४ च्या जागी एकच फिकट रेघ उमटते, आणि उत्तर पुन्हा ‘इनडिटरमिनेट’. ताज्या संसर्गात ती उशिरा जागी होते. निदानासाठी तिच्यावर विसंबणं थांबवा, असं जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये सांगितलं. विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचं जनुकीय द्रव्य शोधणारी तपासणी लवकर उत्तर देते, आणि जोखीम ताजी असेल तर डॉक्टरांनी ती सांगावीच. पण अशा तपासणीच्या नेहमीच्या प्रकारात, म्हणजे व्हायरल लोडमध्ये, एचआयव्ही-२ हा विषाणूचा दुसरा प्रकार सापडत नाही, आणि तो विरळ असला तरी आपल्याकडे आहे. दुसऱ्या सॅम्पलनंतरही गुंता सुटला नाही, तर ते संदर्भ प्रयोगशाळेकडे जातं.

मधल्या दिवसांत कंडोम वापरा, रक्तदान करू नका. घरात कुणी गरोदर असेल, तर १४ दिवस थांबू नका, तिच्या डॉक्टरांना आजच सांगा. पीईपी (जोखमीनंतर घ्यायच्या) किंवा प्रेपच्या (जोखमीआधी घ्यायच्या) एचआयव्ही-प्रतिबंधक गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, त्यांनी प्रतिद्रव्यं उशिरा दिसू शकतात. आणि एवढ्या रिपोर्टवर ठरलेलं लग्न मोडू नका, स्वतःच्या मनाने औषधंही सुरू करू नका. रात्री फारच घालमेल झाली तर १०९७ ही हेल्पलाइन आहे, फोनला पैसे पडत नाहीत.

तुमची झोप उडाली असणार, हे मी समजू शकते. म्हणूनच ‘नसेल काही’ असं सांगून मी कुणालाही घरी पाठवत नाही. सकाळी ९ ते १ मी लॅबमध्येच असते. काउंटरवर काही बोलू नका, फक्त ‘मॅडमना भेटायचंय’ म्हणा. येताना दोन्ही लॅबचे रिपोर्ट आणा, त्यांवर किटची नावं असतील तर फारच बरं. उपाशीपोटी यायची गरज नाही.